निळं प्लास्टिक वगळून

सरांच्या शोकसभेत जेवढे बोलले तेवढ्यांनी सरांना देवमाणूस करून टाकलं. शाळेचे माजी मुख्याध्यापक तर बोलता बोलता गहिवरले. हेच मुख्याध्यापक दर परीक्षेच्या आधी सरांचा चित्रकलेचा तास काढून गणिताला देऊन टाकायचे. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. माझ्या तोंडाचा भरवसा नाही हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. उठले असते तर सांगून बसले असते, की सर मोठे होते, चक्रम होते, मला त्यांचा फार लळा होता आणि त्यांच्या शिकवणीपायी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नाशकातल्या गोदावरीवरच्या, एका फुलवाल्या बाईची बसायची जागा गेली. त्यांच्या एकट्याच्या नव्हे, आम्हा सगळ्यांच्या हातून गेली. शोकसभेत असलं बोलत नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

सर एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि दर रविवारी सकाळी सातला, येईल त्याला बरोबर घेऊन गावात चित्रं काढायला निघायचे. येणारे-जाणारे बरेच असत. कायमचे आम्ही चौघं. सर, मी, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आणि एक दातांचे डॉक्टर. मी तेव्हा सातपूरला एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे, म्हणून सर मला 'स्टोअरकीपर' म्हणायचे. माझं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नाही. सात म्हणजे सात. सात वाजून दोन मिनिटांनी पोचलं तर सर दिसायचे ते पाठमोरे, सायकल हातात धरून चालत निघालेले. हाक मारली तरी थांबायचे नाहीत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते रविवार कारंजावर. एक उंच, किडकिडीत माणूस भर गर्दीत उभा राहून, मध्ये खिडकी कापलेलं एक पोस्टकार्ड डोळ्यासमोर धरून, भाजीवालीकडे एकटक बघत होता. मला वाटलं, वेडा. शिवाय बाईकडे बघतोय, म्हणजे वेड्यातही वाईट वेडा. मी जाऊन विचारलं, "काय हो, काय चाललंय?" पोस्टकार्ड न हलवता ते म्हणाले, "कोथिंबीर जरा जास्त होतेय." मग तेच पोस्टकार्ड माझ्या हातात दिलं. "तुम्ही बघा. कोथिंबीर वगळून बघा." मी बघितलं. आणि खरं सांगते, त्या भोकातून गर्दी, हॉर्न, चिखल सगळं गेलं आणि एका म्हातारीचा हात आणि चार वांगी एवढंच उरलं. पुढच्या रविवारी सातला मी हजर होते.

नव्या माणसाला सर असंच एक कापलेलं पोस्टकार्ड द्यायचे. कागद, रंग, ब्रश ज्याचे त्याने आणायचे. पोस्टकार्ड सरांकडून. काकांना त्याचा फार त्रास व्हायचा. "अहो, सरकारी पोस्टकार्ड आहे ते, असं कापून टाकायचं?" पण काकांच्या खिशातही एक होतंच.

सर त्या चौकटीतून काहीही बघायचे. लग्नाच्या पंगतीत पान वाढून झालं की चौकट काढायचे आणि लिंबाची फोड बोटभर डावीकडे सरकवायचे. चिवड्यातले शेंगदाणे वेचून आम्हाला देऊन टाकायचे, रंग बिघडतो म्हणायचे. एकदा दाढ दुखायला लागली तर डॉक्टरांच्या खुर्चीत बसून, आ करून, दाढेकडे बोट दाखवत म्हणाले, "हिला वगळा." डॉक्टर म्हणाले, "सर, दाढ चांगली आहे, वाचेल." सर म्हणाले, "वाचेल हो. पण जबड्यात बसत नाही." काढायला लावलीच.

त्यांचं सगळं शिकवणं म्हणजे एवढंच होतं. चित्र झालं की ते कधीच 'काय काढलंत' असं विचारायचे नाहीत. "काय वगळलंत?" असं विचारायचे. सोमवारी बसस्टॉपवर भेटले तरी नमस्काराच्या जागी तेच. काही वगळलं नसेल तर चित्राकडे बघायचेसुद्धा नाहीत. कुणी चुकून विजेच्या तारा काढल्या की संपलंच. "तारा ओढायचं काम वीजमंडळाचं. तुम्हाला पगार आहे का त्यांचा?" आणि 'छान' हा शब्द बंद. कुणी कुणाच्या चित्राला छान म्हटलं की त्याने सगळ्यांचे ब्रश धुवायचे. मी त्या बाबतीत सुरक्षित होते, कारण मला दुसऱ्याचं चित्र सहसा छान वाटत नाही. काका बिचारे दर रविवारी ब्रश धुवायचे.

सुरुवातीला, म्हणजे नव्वदच्या आसपास, वगळायला फार नव्हतंच. सराफ बाजारात दोन तारा, एखादी पाटी, एखादी स्कूटर. तांबट लेनमध्ये ठोके ऐकत बसायचं आणि समोरच्या कारागिराच्या पाठीमागचं कॅलेंडर तेवढं सोडायचं. मखमलाबादकडे गेलं की मळेच मळे. फुलकोबी, झेंडू, शेवंती. तिथे सर चौकट खिशात ठेवायचे. मग एकेक मळा प्लॉट पडून विकला जायला लागला. आम्ही ज्या विहिरीवर बसून डबे खाल्ले तिथे दुसऱ्या वर्षी पाण्याची टाकी आणि 'स्वप्नपूर्ती' नावाची पाटी. गंगापूर रोडच्या झाडांना आकडे पडले आणि मग झाडंच पडली. दुकानांवर दुकानाएवढे बोर्ड आले. सर वगळत राहिले, आम्ही वगळत राहिलो. डॉक्टर एकदा चिडून म्हणाले, "सर, आता मी इतकं वगळतोय की कागदावर काही उरत नाहीये." सर शांतपणे म्हणाले, "उरेल. नीट बघा."

एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन लागलं. लोक तुडुंब आले. म्हातारी माणसं चित्रांसमोर उभी राहून डोळे पुसायला लागली. "असं होतं हो आपलं नाशिक!" आता काय सांगू? ती चित्रं दोन महिन्यांपूर्वीची होती. मी एका आजोबांना तसं सांगायला गेले तर सरांनी मला कोपराने ढोसलं. त्या दिवशी ते इतके खुशीत होते, की त्यांनी स्वतः सगळ्यांचे चहाचे पेले विसळले.

आता फुलवाल्या मावशीचं.

गंगेवर, पुलाच्या थोडं खाली, काळ्या दगडाचं एक लहानसं देऊळ आहे. सरांची सगळ्यात लाडकी जागा. महिन्यातला एक रविवार तरी तिथे जायचाच. देवळाच्या अंगाला, पायऱ्या संपतात तिथे, मावशी बसायची. दोन खोकी, वर फळी, फळीवर झेंडू, शेवंती, तुळस, बेल, ओल्या फडक्यात गजरे. आणि डोक्यावर निळं प्लास्टिक, एक टोक खांबाला आणि एक पिंपळाच्या फांदीला बांधलेलं. असलं निळं, की त्याच्यापुढे दुसरा कुठला रंग दिसूच नये. मखमलाबादला तिच्या दिरांचा मळा होता. नवरा गेल्यावर दिरांनी मळा विकला, सह्या झाल्या, आणि तिच्याकडे उरली ती एवढी फळी. फुलं आता ती बाजारातून विकत आणायची, पण गजरा ओवताना 'आमच्या मळ्यातली शेवंती' असं बोलायची सवय काही तिची गेली नव्हती.

आमच्या पिशव्या तिच्या खोक्यामागे. आमच्या चपला तिच्या फळीखाली. ऊन चढलं की काका तिच्या प्लास्टिकखाली जाऊन बसायचे. आणि पाणी तिचं. पत्र्याच्या बादलीतून ती फुलांवर शिंपडायची, त्याच बादलीतून आमचे ब्रश बुडवायचे पेले भरून द्यायची, स्वतः उठून, एकेकाजवळ येऊन. "घ्या ताई. तुमचं लय घाण झालं, बदला." सरांचा पेला पहिला. सर तिला फार मान द्यायचे. तिच्याशी बोलताना उभे राहायचे. तिच्या गुडघ्याला लावायचं तेल एकदा डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून आणलं होतं त्यांनी, दातांच्या डॉक्टरांकडून! पण चित्र काढायला बसलं की चौकट डोळ्याला, आणि चौकटीत देऊळ, पायऱ्या, पिंपळ, पाणी. निळं प्लास्टिक पहिलं जायचं. प्लास्टिक गेलं की त्याच्याखाली बाई तरी कशी ठेवणार? अधांतरी दिसली असती. तीही जायची.

हे आम्हाला कधी वावगं वाटलं नाही. दहा-अकरा वर्षं वाटलं नाही. मला आता ह्याचीच लाज वाटते.

सिंहस्थ जवळ आला की नाशकात रस्ते रुंद होतात. तो रस्ताही व्हायचा होता. खालच्या सगळ्या फळ्या, गाड्या, टपऱ्या उठणार अशी महापालिकेची नोटीस लागली. पण नोटिशीत एक सोय होती. ज्याला दाखवता येईल की आपण दहा वर्षांपासून त्याच जागी बसतो आहोत, त्याला नव्या बाजारात गाळा मिळणार. मावशीकडे काय कागद असणार? रेशनकार्ड मळ्याच्या पत्त्यावरचं. शेजारचा नारळवाला तिच्यानंतर आलेला. ऑफिसातल्या माणसाने विचारलं होतं, "फोटोबिटो आहे का जुना? जागा दिसेल असा?" हे ती रविवारी आम्हाला सांगत होती, आणि काका एकदम उठून उभे राहिले.

"फोटो कशाला? आमची चित्रं आहेत की! दहा वर्षांची! मागे तारीखवार, वेळेसकट!"

तारीख आणि वेळ चित्रामागे घातल्याशिवाय सर जागचं उठूच द्यायचे नाहीत. आम्हाला सगळ्यांनाच एकदम आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सर तर लहान मुलासारखे हात चोळायला लागले. "मावशी, काळजी सोडा. तुमचा गाळा झाला म्हणून समजा. ढीग आहे माझ्याकडे." मावशी गजरा ओवत होती. म्हणाली, "बघा बरं." एवढंच म्हणाली. तिला आनंद कसा झाला नाही, असं मला ओझरतं वाटून गेलं, पण मी घाईत होते.

तिवंध्याला सरांच्या दोन खोल्या होत्या. एकटा जीव. त्याच दुपारी आम्ही चौघं तिथे ट्रंका उघडून बसलो. देवळाची चित्रं वेगळी काढली. सकाळचं देऊळ, श्रावणातलं देऊळ, पुराचं पाणी उतरल्यावरचं देऊळ. पहिल्या दहा-बाराला आम्ही हसतच होतो. मग हसणं कमी झालं. प्रत्येक चित्रात पायऱ्या देवळाच्या अंगापर्यंत आलेल्या होत्या, मोकळ्या, स्वच्छ. काका चष्मा पुसत म्हणाले, "सर, पण तिथे पायऱ्या नाहीतच मुळी. पायऱ्या अलीकडेच संपतात."

"मीच वाढवल्या," सर म्हणाले. "तिथे रिकामं दिसायचं."

डॉक्टरांच्या एका चित्रात त्या जागी काहीतरी निळसर सापडलं. आम्ही तिघं त्याच्यावर तुटून पडलो. डॉक्टर म्हणाले, "ती पिंपळाची सावली आहे." मी घरी जाऊन माझा गठ्ठा उपसला. माझ्या एका चित्रात पायऱ्यांवर झेंडू सांडलेले होते, केशरी, टवटवीत. मला आठवलं, राखाडी दगडावर केशरी ठिपके हवेत म्हणून मी ते घेतले होते. फुलं मावशीच्या फळीवरून सांडलेली होती. फुलं मी घेतली आणि बाईला वगळलं. मी ते चित्र हातात धरून स्वयंपाकघरात बसले आणि रडले. आईला वाटलं, कुणी गेलं.

सर तीन दिवस शाळेत गेले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले होते, बस पुलावरून जात होती आणि खाली मला सर दिसले. देवळासमोरच्या त्यांच्या नेहमीच्या कट्ट्यावर. मी पुढच्या थांब्यावर उतरून पळतच खाली गेले. त्यांच्या मांडीवरच्या फळीला जुना, कडेने पिवळा पडलेला कागद लावलेला होता. चौकट कुठे दिसत नव्हती. समोर मावशी अवघडून बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला, फोटो काढायला बसल्यासारखी.

"सर, हे काय करताय?"

"दिसतंय की."

"सर, पण तारीख..."

"तारीख मी घालीन. तुम्ही पाणी आणा."

काय चाललंय ते मला कळलं होतं. खोटं चित्र चाललं होतं, मागची तारीख घालून. ज्या माणसाने आमच्याकडून वेळ पाच मिनिटं चुकीची लिहिली म्हणून चित्र फाडायला लावलं होतं, तो माणूस. मी बादलीतून पेला भरून आणला आणि त्यांच्याजवळ ठेवला. त्या दिवशी मी कामावर खाडा केला.

ते कसं काढत होते काय सांगू! एवढ्या वर्षांत मी त्यांना असं काढताना बघितलं नव्हतं. काहीही सोडत नव्हते. पुटपुटत होते, "हेही. हेही घ्यायचं." निळं प्लास्टिक आलं, त्याच्या गाठी आल्या, त्याला पडलेलं भोक आलं. खोक्यांवरची अक्षरं, ओलं फडकं, बादलीचा पोचा, तारा, खांब, मागच्या इमारतीवरचे बोर्ड, आमच्या चपला. आणि मधोमध मावशी, तिच्या गुडघ्यावरचा हात, हातात सुई. ते त्यांचं सगळ्यात सुंदर चित्र होतं. संध्याकाळी काका आणि डॉक्टर बघायला आले. आम्ही चौघं किती तरी वेळ ते बघत बसलो. आम्ही, ज्यांनी जन्मभर नुसतं बघायचाच अभ्यास केला. काका म्हणाले, "छान आहे हो, फार छान आहे." आणि कुणीही त्यांना ब्रश धुवायला सांगितलं नाही. मग सरांनी चित्र उलटं केलं आणि मागे दहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारची तारीख घातली. वेळ, सकाळी सात चाळीस.

महापालिकेत मावशीच्या जागेची सुनावणी झाली, पण त्या दिवसाचं सांगण्याआधी सरांचं पुढे काय झालं ते सांगून घेते. एकदा तो दिवस सांगितला की मला पुढे काही लिहिता येणार नाही.

रविवार बंद झाले. सरांनी बंद केले असं नाही, पण कुणी गेलंच नाही. मावशीची फळी उठली, ती निफाडला लेकीकडे गेली, द्राक्षाच्या बागेत मजुरीला जायला लागली असं नारळवाल्याकडून कळलं. सर निवृत्त झाले. मी अधूनमधून तिवंध्याला जायचे. ते खिडकीशी बसून काढत असायचे, पण आता त्यांना काही वगळताच येत नव्हतं. खिडकीतून दिसायची ती साधी गल्ली. तिच्यातल्या विटा, तारा, दोरीवरचे चिमटे, भिंतीवरचे पोपडे, सगळं कागदावर यायला लागलं. एकेक कागद महिनाभर चालायचा आणि शेवटी काळा व्हायचा. नुसता काळा. एकदा मी गेले तर हवालदिल होऊन म्हणाले, "स्टोअरकीपर, ते कुत्रं हललं. आता दोन्हीकडे घ्यावं लागणार." मी हसले. ते हसले नाहीत. नंतर नंतर मला चित्र दाखवून भीत भीत विचारायचे, "काय राहिलं? बघा ना, काय राहिलं?" मी म्हणायचे, "काही नाही सर, सगळं आलंय." त्यांचा विश्वास बसायचा नाही. असे तीन-चार वर्षं जगले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. त्यांच्या उशाशी त्या काळ्या कागदांचा गठ्ठा होता. पुतण्याने विचारलं, "हे कसलं हो?"

आता सुनावणी.

सकाळी अकराला बोलावलं होतं. सर, काका, मी आणि मावशी. डॉक्टरांचा दवाखाना होता. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून छातीशी धरलं होतं. मावशी धुवट हिरवं लुगडं नेसून आली होती. बाकावर बसून काका तिला धीर देत होते, "काही बोलायचं नाही तुम्ही. सर बोलतील." आत कुणाचं तरी नाव पुकारलं. आम्ही तिघंही बसून राहिलो, दुसऱ्या कुणाचं असेल म्हणून. मावशी उठली तेव्हा आम्हाला कळलं की हे तिचं नाव.

साहेब तरुण होते, कळवणकडचे असावेत, बोलणं मऊ होतं. सरांना बघून उभे राहिले. "बसा सर." सरांनी पुठ्ठे सोडले आणि चित्र टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते आधी उलटं करून तारीख बघितली, मग सुलटं केलं आणि बघतच राहिले. बराच वेळ. मला वाटलं, जिंकलो. मावशीकडे बघून हळूच मान हलवली मी.

"फार सुंदर आहे, सर," साहेब म्हणाले. मग टेबलावर बोट टेकवलं. आवाज आणखी खाली आणला. "सर, पण हा मागचा बोर्ड..."

आम्ही वाकलो. मावशीच्या डोक्यावर, निळ्या प्लास्टिकच्या वर, मागच्या इमारतीवर एक मोठा थोरला बोर्ड होता. मोबाईल फोनचा. एक माणूस कानाला फोन लावून हसत होता. सरांनी तो दातांसकट काढला होता.

"दहा वर्षांपूर्वी मोबाईल कुठे होते, सर?"

ज्या माणसाने आयुष्यभर बोर्ड वगळले, त्याने वगळायला हवा तो एकच बोर्ड त्या दिवशी मन लावून काढला होता. आणि आम्ही तिघं, त्यांचे चेले, दोन तास ते चित्र बघत बसलो होतो. सर खुर्चीत सरळ बसले होते. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. साहेबांनी चित्र परत पुठ्ठ्यात घातलं, स्वतःच्या हाताने बांधलं आणि म्हणाले, "मी हे बघितलंच नाही असं धरतो. घेऊन जा तुम्ही. दुसरा काही पुरावा असला तर शुक्रवारपर्यंत आणा." भला माणूस. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

बाहेर आवारात आलो. उन्हाचा तडाखा होता. सर चार पावलं चालले आणि थांबले. त्यांनी पुठ्ठ्याची दोरी ओढली, चित्र बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी वरची कड धरली. काका ओरडले, "सर, नको!" मी हलले नाही. मला वाटत होतं, फाडू दे.

मावशी मध्ये आली. सरांच्या अंगाला तिने आजवर कधी हात लावला नसेल. तिने त्यांची दोन्ही मनगटं धरली.

"फाडू नका सर. मी हाये त्यात."

"मावशी, माझ्यामुळे तुमचं..." सर म्हणाले.

"दहा-अकरा वरसांत पहिल्यांदा आलीये मी. फाडताय कशाला?"

काकांनी दचकून विचारलं, "म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं, आधीच्यात तुम्ही नाही म्हणून?"

"नाय ठाऊक व्हायला काय झालं? मी पाणी द्यायला यायची ना मागून. बघायची की. देऊळ असायचं, पिंपळ असायचा, माझी जागा मातर झाडून काढल्यावानी. मला वाटायचं, असल तुमच्यात तसं. आमच्यासारखीला घेत नसतील."

"मग त्या रविवारी बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच. "आम्ही शोधत बसलो, तुम्ही नुसतं 'बघा' म्हणालात!"

ती माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "सर किती हरकले व्हते, ताई. त्यांना वाटत व्हतं, मी हाये म्हून. त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं, का मी नाय?"

सर तिथेच, ऑफिसच्या पायरीवर खाली बसले. त्यांनी चित्र तिच्या हातात दिलं. तिने ते ओलं असल्यासारखं दोन्ही हातांवर आडवं घेतलं, पदराने त्याच्यावर सावली धरली आणि एकटीच फाटकाबाहेर पडली. काका रिक्षा बघायला धावले तर म्हणाली, "राहू द्या. फुलं उघडी हायेत तिकडं."